मी सुलाबाईंच्या दाव्याचा नकाशा

मित्रांनो, मला नकाशा म्हणतात, पण माझ्यावर ना गाव आहे ना नदी. मी एक माइंड मॅप आहे. वय जेमतेम दीड वर्ष, तरी माझ्या कडा पिवळ्या पडल्या आहेत. गंगाखेडला सुकेशनी वकीलबाईंच्या खोलीत, कपाटाशेजारच्या भिंतीवर माझं बिऱ्हाड आहे. माझी गोष्ट सांगायची मला लाज वाटते. तरी सांगतो.

राणीसावरगावच्या सुलाबाईंचा जमिनीचा दावा होता. त्यांचे सासरे लिंबाजी निजामाच्या काळापासून एक शेत कुळ म्हणून कसत आले. त्यांच्यामागं ते सुलाबाईंनी कसलं. आता जमीनमालकाचे नातू म्हणू लागले, शेत सोडा. जुन्या दप्तरात लिंबाजींची संरक्षित कुळ म्हणून नोंद निघाली, तर बाईंना कुणी सहजी उठवू शकणार नव्हतं. सगळा दावा त्या एका नोंदीवर उभा होता.

कागद मात्र चारशेच्या वर. सातबारे, फेरफार, जुने निकाल, आणि कायद्याची कलमं तर अशी, की एकाचं शेपूट दुसऱ्यात अडकलेलं. कारकून मुंजाजींनी ते कागद एकेक करून स्कॅन केले, वकीलबाईंनी तो सगळा ढीग एआयला दिला, आणि हातातला चहा निवायच्या आत मी तयार झालो. मध्ये सुलाबाईंचं नाव, भोवती सात रंगांच्या फांद्या. मला मोठ्या कागदावर छापून भिंतीवर चिकटवलं.

काय माझं कौतुक झालं म्हणून सांगू! शेजारचे वकील मुद्दाम मला बघायला यायचे. जे समजायला वकीलबाईंना महिना लागला असता, ते माझ्यामुळं एका नजरेत दिसत होतं. खरं सांगतो, मी फुशारून गेलो होतो. सुलाबाईंना अक्षरओळख नव्हती, पण वकीलबाईंनी बोट ठेवून एकेक फांदी सांगितली, तेव्हा त्यांनाही आपला दावा पहिल्यांदा कळला. मग त्यांनी विचारलं,

"पोरी, मामंजीचा त्यो गोल शिक्क्याचा कागुद ह्याच्यात कुठं हाय?"

"सगळं आलंय मावशी. मशीननं पानन् पान वाचलंय," वकीलबाई म्हणाल्या. त्यांना घाई होती.

तो कागद माझ्यात नव्हता, मित्रांनो. ती नक्कल उर्दूत होती आणि उर्दू कागद उजवीकडून उघडतो. मुंजाजींचा सगळा जन्म मराठी कागद हाताळण्यात गेला. त्यांनी सवयीनं जी बाजू पहिली म्हणून यंत्रावर ठेवली, ती खरं तर शेवटची होती. कोरी, फक्त गोल शिक्क्याची. मला तेवढंच मिळालं. अशा वेळी मी काय करायचं होतं? 'हा कागद मला कळला नाही' एवढं लिहायचं होतं. पण कोरी जागा माझ्या देखणेपणात बसेना. मी तिथं हिरव्या चौकटीत ठसठशीत लिहिलं, 'संरक्षित कुळाची नोंद आढळत नाही.'

वकीलबाईंनी माझ्यावर विश्वास ठेवून लेखी युक्तिवादात तेच लिहिलं आणि केवळ जुन्या वहिवाटीवर भर दिला. तहसीलदारांपुढच्या सुनावणीला मला गुंडाळून सोबत नेलं. समोरच्या बाजूनं माणिकराव वकील होते. त्यांनी तो युक्तिवादच वाचून दाखवला.

"साहेब, नोंद नाही हे त्यांच्याच वकिलांनी कबूल केलंय. आमी वेगळं काय सांगावं?"

तेवढ्यात मागून सुलाबाई उठल्या. "सायब, नोंद हाय. कागुद म्या बाईंकडं दिलाय."

वकीलबाईंनी टेबलावर मला उलगडलं, हिरवी चौकट पाहिली आणि मागं वळून म्हणाल्या, "मावशी, तुमी बसा. तुमाला त्यातलं कळत न्हाई." सुलाबाई बसल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण कागदाला तोंड कुठं असतं?

सुलाबाईंचा अर्ज फेटाळला गेला.

दुसऱ्या दिवशी सुलाबाई खोलीवर आल्या. आरडाओरडा नाही, काही नाही. त्यांनी वकीलबाईंच्याच कपाटातलं दप्तर मागितलं, तो कागद काढला आणि उलटा करून टेबलावर ठेवला. दुसऱ्या बाजूला उर्दूच्या दाट ओळी होत्या. काखेत कळसा अन् गावाला वळसा! परभणीच्या एका म्हाताऱ्या उर्दू मास्तरांनी तो वाचला. लिंबाजींचं नाव, सर्व्हे नंबर, शेत आणि 'संरक्षित कुळ', सगळं होतं.

वकीलबाई रडल्या. "मावशी, चूक माझी हाय," त्या म्हणाल्या.

सुलाबाईंनी तो कागद उचलून हातात घेतला. "मला वाचता येत न्हाई पोरी. पर मी कागुद उलटून बघितला व्हता."

आता वरच्या कचेरीत अपील आहे. निकाल लागेपर्यंत शेत सुलाबाईंकडं आहे, पुढचं कुणाला ठाऊक नाही. अपिलासोबत झालेल्या चुकीबद्दल खुलासा द्यायचा होता. मुंजाजी म्हणाले, "बाई, मशीननं चूक केली म्हणून लिहा की."

"मशीनला वकिलीची सनद न्हाई, मुंजाजी. सनद माझी हाय," वकीलबाई म्हणाल्या, आणि त्यांनी लिहिलं, 'मूळ कागद मी स्वतः पाहिला नाही.' त्या खुलाशात माझं नावसुद्धा नाही. कौतुक सगळं मी खाल्लं, आणि लाज वाटून घ्यायची वेळ आली तेव्हा ती एकट्या वकीलबाईंच्या वाट्याला गेली. हीच गोष्ट मला अजून टोचते.

मित्रांनो, मला फेकून द्या असं मी म्हणत नाही. गुंता सोडवायला मी कामाचा आहे. पण माझी प्रत्येक फांदी ज्या पानावरून आली, ते पान आधी स्वतः उघडून बघा, दोन्ही बाजूंनी बघा. आणि तुमच्या मागं एखादी सुलाबाई उठून काही सांगू लागली, तर माझ्याकडं बघू नका. तिच्याकडं वळा आणि तिला बोलू द्या.