होडीच्या पोटातला वास

कॅनच्या झाकणाच्या आतलं रबरी वॉशर एका बाजूने तडकलं होतं. केसाएवढी चीर, बोटाच्या पेराने दाबली की उघडायची, सोडली की मिटायची, आणि तो ती उघडत-मिटवत बसला होता, कारण पुढे काय करायचं ते त्याला ठाऊक होतं आणि नेमकं तेच त्याला करायचं नव्हतं.

पेट्रोलचा कॅन केबिनमध्ये, बाकाखाली, आडवा पडलेला सापडला. मुळात तो आत असायलाच नको होता. जादा पेट्रोल नेहमी बाहेर, होडीच्या मागच्या टोकाला, सावलीत, उभं बांधून... गळालंच तर वाऱ्यावर जाईल. पण काल ऊन रणरणत होतं, कॅन तापून फुगला होता, आणि त्याने तो ‘संध्याकाळपर्यंत’ म्हणून आत सरकवला आणि विसरला. होडी हलली असेल, कॅन कलंडला असेल. बाकाखालच्या फळ्या ओल्या होत्या. त्याने बोट टेकवलं. गार. पाण्याचा गारवा बोटावर रेंगाळतो; हा लगेच उडून गेला, मागे कोरडी पांढरट कातडी उरली.

कॅन त्याने धक्क्यावर नेऊन सावलीत ठेवला. ओल फडक्याने टिपली, फडकंही बाहेर टाकलं. ठिणगी उडू नये म्हणून दिव्याचं एकही बटण दाबलं नाही. सगळ्या झडपा सताड उघडल्या, लहान शीड पुढच्या झडपेवर तिरकं बांधलं, म्हणजे वारा त्यात अडून थेट होडीच्या पोटात उतरेल. ही वाफ हवेहून जड. वर जात नाही, तळाशी पाण्यासारखी साचते आणि ठिणगीची वाट बघत बसते. आधी नाक, मग काडी — दादा म्हणायचा. शेगडी पेटवण्याआधी तो गुडघे टेकून फळीला नाक लावायचा, नमस्कार घालावा तसा, आणि हा मागे उभा राहून हसायचा. दादाचं नाक होतं, मग याला कशाला हवं होतं?

आता दादा नव्हता. म्हणजे होता, मुलाकडे, समुद्रापासून लांब, लिफ्टच्या इमारतीत, झिजलेले गुडघे घेऊन. आणि होडीवर एकट्या राहिलेल्या या धाकट्याचं नाक हिवाळ्यातल्या तापात गेलं होतं. ताप उतरला, वास परतलेच नाहीत. साबण, मासळी, ओला दोर — सगळं जग काचेपलीकडे. फोनवर दादाला त्याने हे सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर दादा एकच वाक्य बोलला असता: होडी विकून टाक.

तरीही तो गुडघ्यांवर बसला, फळीला नाक लावलं. थंड लाकूड. बाकी काही नाही... काही नाही म्हणजे काहीच नाही, की भरपूर?

धक्क्यावर पलीकडच्या होडीवर नर्सबाई कपडे वाळत घालत होत्या. निवृत्त होऊन जमाना झाला तरी नाव नर्सबाईच. जसा केस पिकूनही तो इथे ‘धाकटे’च होता. दादाची ख्यालीखुशाली त्या अजून फोनवर घेत. त्यांना विचारणं म्हणजे दादाला कळवणंच.

“बाई, जरा येता? आत वास येतोय का बघायला.”

“कसला?”

“पेट्रोलचा.”

चिमटे टोपलीत टाकून त्या आल्या. पायरीवर थांबल्या, मग आत उतरून खाली वाकल्या. इतक्या दिवसांत या केबिनमध्ये दुसरं माणूस उतरलं नव्हतं. मागून त्यांचा वाकलेला खांदा बघताना त्याला उगाच कानकोंडं झालं.

“अहो धाकटे, हे काय विचारणं झालं? डोकं धरेल इतका येतोय!” त्या झटकन बाहेर आल्या. त्याच्याकडे बघत राहिल्या. “तुम्हाला येत नाही?”

“नाही.”

“कधीपासून?”

“तापापासून.”

हे त्याने प्रथमच मोठ्याने म्हटलं. इतका लहान शब्द.

“आणि दादांना ठाऊक आहे?”

तो शिडाची दोरी चाचपू लागला.

“तुमच्या घरातलं तुम्ही बघा,” त्या म्हणाल्या. “मी आपणहून चोंबडेपणा करणार नाही. पण त्यांनी विचारलं तर मला खोटं बोलता येणार नाही. आणि हे बघा, आत काही पेटवायचं नाही. संध्याकाळी येऊन परत बघते. हो म्हटलं तरच शेगडी.”

त्या गेल्या. चादर झटकल्याचा आवाज आला. तो झडपेजवळ बसून राहिला. शिडात वारा भरत होता, पोटात उतरत होता, मागून निघून जात होता. त्याच्या नकळत त्याचं घर रिकामं होत होतं. आत अजून कसले वास असतील? त्याच्या पांघरुणाचा, त्याचा स्वतःचा... बाईंना ते सगळे आले असणार. त्याच्याबद्दल आता त्यांना काहीतरी ठाऊक होतं जे त्याला कधीच कळणार नव्हतं.

ऊन कललं. कुणीतरी येणार आहे म्हणून बसून राहणं — हे तो विसरलाच होता. वास गेला असेल तर त्या ‘झालं’ म्हणतील, चिमटे उचलतील, आणि उद्यापासून पुन्हा आपापल्या होड्या. थोडा उरला असेल तर उद्याही यावं लागेल. उरू दे थोडा, असं मनात आलं — तळाशी, कोपऱ्यात, जरासाच — आणि तो एकदम दचकला. मग शीड आणखी घट्ट ताणायला उठला. दोरीला हात लावला, आणि ओढावी की नाही ते न ठरवता तसाच उभा राहिला.