कोरकोर यार्डात गेली

"मला यार्डात टाका, साहेब," कोरकोर म्हणाली.

क्वार्शीसाहेबांना वाटलं, पंख्याच्या आवाजात आपण काहीतरी भलतंच ऐकलं. त्यांनी पंखा बंद केला. तेमा बंदरातल्या त्या चॉकलेट कारखान्यात कामगारांच्या बदल्या त्यांच्या हातात होत्या. यार्डातून आत घ्या म्हणून रडणाऱ्या बायका त्यांनी पुष्कळ पाहिल्या होत्या, पण आतून यार्डात जाऊ द्या म्हणणारी ही पहिलीच.

"पॅकिंगच्या हॉलला एसी आहे, कोरकोर."

"हो, साहेब."

"यार्डात ऊन आहे. धूळ आहे. शिवाय बाबा इद्रिसू आहे."

"ठाऊक आहे, साहेब."

"कुणाशी भांडलीस का? जिफाशी?"

"जिफाशी कशाला भांडीन? बहिणीसारखी आहे ती मला."

"मग झालं काय?"

"मला मोकळी हवा हवीय."

साहेबांनी पुन्हा पंखा लावला. "बघ बाई. एकदा बाहेर गेलीस की आत यायला जागा राहणार नाही," ते म्हणाले. कोरकोरने मान हलवली.

खरं कारण तिच्या ओठांवर होतं, पण तिने ते गिळलं. मागच्याच आठवड्यात कारखान्याच्या दवाखान्यात सगळ्यांचं रक्त तपासलं होतं. सिस्टर ग्लॅडिसने तिला एकटीला थांबवून घेतलं, दार लावलं आणि सांगितलं, "साखर आहे तुला. बरीच आहे." सिस्टर पुढेही बोलत होती, पण कोरकोरला डोळ्यांसमोर दिसत होती ओदुमासे गावच्या घरात चटईवर बसलेली आपली आई. आई काचेचे मणी ओवायची. शेवटी शेवटी नजर जात चालली तशी ती एकेक मणी बोटांत धरून विचारायची, "हा निळा का गं?" मग विचारणंही थांबलं. तो हाच आजार होता हे तेव्हा कुणाला कळलं नाही; आईवर कुणीतरी करणी केलीय असं शेजारपाजारचे म्हणत. त्यांच्या घरचं पाणी कुणी पीत नसे.

आणि कोरकोरचं काम होतं चॉकलेटच्या वड्या निवडण्याचं. सरकत्या पट्ट्यावरून वड्या यायच्या; तुटलेल्या, वाकड्या झालेल्या बाजूच्या ताटात टाकायच्या. त्या ताटातलं खायला कुणाची मनाई नव्हती. हवं तेवढं खा, फक्त फाटकाबाहेर काही न्यायचं नाही. नव्या मुली पहिल्या आठवड्यात पोट बिघडेपर्यंत खात आणि मग वर्षभर तोंड लावत नसत. कोरकोरचं तसं झालं नाही. इतकी वर्षं झाली तरी तिचा हात बोलता बोलता ताटाकडे जायचा. शेजारी उभी असलेली जिफा हसायची. "खा, खा. मेल्यावर येशूला काय सांगशील, तेमात राहून चॉकलेट खाल्लं नाही म्हणून?"

तपासणीनंतर कोरकोरने चर्चमध्ये गुडघे टेकून शपथ घेतली होती. सोमवारी सकाळी ती पट्ट्यापाशी उभी राहिली. दुपारच्या जेवणाआधीच तिच्या तोंडात तुकडा होता. तो कधी उचलला ते तिला सांगता आलं नसतं. दुसऱ्या दिवशी ती क्वार्शीसाहेबांकडे गेली.

यार्ड म्हणजे कारखान्याची पाठ. तिथे लॉऱ्या येत, कोकोची पोती उतरत, शेडमध्ये छपरापर्यंत रचली जात. आत नाकाला गोड वाटतो तो वास इथे नावालाही नव्हता. बियांना शिळ्या ताडीसारखा आंबूस वास यायचा. तो दिवसभर कपड्यांना चिकटून राहायचा. कोरकोरला तो पहिल्याच दिवशी आवडला. या वासाने तोंडाला पाणी सुटत नव्हतं.

यार्डाचा मुकादम बाबा इद्रिसू म्हणजे उत्तरेकडचा उंच, हडकुळा म्हातारा. त्याने तिच्या चपलांकडे पाहिलं.

"या चपला घालून चर्चला जातेस की काय?"

"कामाला आलेय, बाबा."

"बघू या. झाडता येतं का? चॉकलेटवाल्या मॅडमना झाडूचं टोक कुठलं ते तरी कळतं ना?"

"एक टोक तुमच्याकडे करून दाखवू का?"

पोती वाहणारे गडी फिसकन हसले. म्हातारा हसला नाही, पण दुसऱ्या दिवशी त्याने तिच्यासाठी बंद बूट शोधून आणले.

तिचं काम चालण्याचं होतं. एका शेडमधून दुसऱ्या शेडमध्ये जायचं, फाटकी पोती हेरायची, सांडलेल्या बिया झाडून गोळा करायच्या, पुन्हा पहिल्या शेडमध्ये यायचं. पहिल्या महिन्यात तिच्या पिंढऱ्या अशा भरून यायच्या की अशायमान वस्तीतल्या घरी गेल्यावर लेकीला, देदेला, पाय चेपून द्यावे लागत. मग हळूहळू अंग हलकं झालं. स्कर्टची बटणं सरकवावी लागली.

पण संध्याकाळ वैरीण होती. सुट्टी झाली की ट्रोट्रोची मिनीबस चौकातल्या सिग्नलला अडकायची आणि खिडकीशी विकणारे यायचे. केळ्याचे काप, पाण्याच्या प्लास्टिक पुड्या, टिश्यू पेपर आणि चॉकलेट. तिच्याच कारखान्याचं, तिच्याच हॉलमधून बाहेर पडलेलं. एका शुक्रवारी दुपारी पोती जास्त आली म्हणून ती जेवलीच नव्हती. सिग्नल लाल होता. तिने एक वडी घेतली, मग खिडकीतून हात बाहेर काढून आणखी एक. अशायमान येईपर्यंत दोन्ही संपल्या होत्या. चांदीचा कागद चाटताना शेजारची शाळेतली मुलगी आपल्याकडे बघतेय हे तिच्या लक्षात आलं. तिला एवढी लाज वाटली की ती एक थांबा आधीच उतरली आणि चालत घरी गेली.

सोमवारी तिने सिस्टर ग्लॅडिसला सगळं सांगितलं.

"शपथ कुणी घ्यायला सांगितली होती तुला?" सिस्टर म्हणाली.

"म्हणजे?"

"अगं, दिवसभर उपाशी राहतेस, उन्हात राबतेस, आणि वर शपथ. मग जीव चॉकलेटवर उडी मारणारच. आधी दुपारी नीट जेव. केन्केचा मक्याचा गोळा अर्धाच घे, कोंतोमिरेची पालेभाजी भरपूर, मासा, एखादं अंडं. चारच्या सुमाराला मूठभर भुईमूग खा. गाडीत बसायच्या आधीच."

"आणि चॉकलेट?"

"काळं घे, कडू असतं ते. एक चौकोन. रोज नाही, पण जेव्हा घेशील तेव्हा घरी जाऊन, बसून खायचं. सगळ्यांसमोर. लपून खाल्लं की माणूस मोजत नाही."

"एका चौकोनाने काय होणार, सिस्टर?"

"करून तर बघ. झालं नाही तर मला शिव्या घालायला ये."

तिने करून बघितलं. पहिल्यांदा तो चौकोन दाढेखाली आला आणि गेला. काही कळलंच नाही. पुढच्या वेळी तिने तो चावला नाही. चाळीतल्या अंगणात स्टूल टाकून ती बसली, समोर बायका कपडे वाळत घालत होत्या, कोंबड्या फिरत होत्या, आणि तो चौकोन तिच्या जिभेवर सावकाश विरघळत होता. आधी कडू, मग थोडा आंबट, आणि अगदी शेवटी गोड. त्यात यार्डातल्या वासाचा अंश होता. इतक्या वर्षांत हा तिच्या कधी लक्षात आला नव्हता, कारण इतक्या वर्षांत तिने चॉकलेट बसून कधी खाल्लंच नव्हतं.

"कसली राणी बसलीय बघा," शेजारीण म्हणाली.

"बसलेय तर," कोरकोर म्हणाली.

सगळं असं मार्गी लागत होतं, तेव्हा ती गोष्ट कानावर आली.

आधी नुसत्या खुणा दिसल्या. ट्रोट्रोत ती बसली की हॉलमधल्या मुली आपल्या पिशव्या मांडीवर घ्यायच्या. कॅन्टीनमध्ये बोलणं थांबायचं. मग एका रविवारी देदे सलूनमधल्या कामावरून आली ती थेट तिच्यासमोर येऊन उभी राहिली.

"आई, तू चॉकलेटं चोरलीस?"

कोरकोरला हसूच आलं. "काय?"

"सलूनमध्ये एक बाई केस विणून घेत होती, तुमच्या कारखान्यातली. मी तुझी मुलगी हे तिला ठाऊक नव्हतं. म्हणे, ती कोरकोर, कमरेला बांधून माल बाहेर काढायची. पकडली. जुनी आहे म्हणून साहेबांनी काढली नाही, यार्डात टाकली."

"आणि तू ऐकून घेतलंस?"

"मी तिची वेणी अर्धवट सोडून आले. आता तू खरं सांग. चांगला एसीतला हॉल सोडून माणूस पोती झाडायला का जाईल?"

कोरकोर पलंगावर बसली. मग तिने सांगितलं. साखर, ताट, आईचे मणी.

"मला सांगायला काय झालं होतं तुला?" देदे म्हणाली. "चोर म्हटलं तरी चालेल, पण आजारी म्हणायला नको?"

गोष्ट कुणी उठवली असेल हे कोरकोरला ठाऊक होतं. 'कमरेला बांधून', 'जुनी आहे म्हणून'. कारखान्यात इतकं मीठमसाला लावून बोलणारी एकच बाई होती. तिने जिफाला जाब विचारला नाही. समोरून ती आली की कोरकोर दुसऱ्या शेडमध्ये जायची.

फेब्रुवारी आला. चौदा तारखेला देशभर चॉकलेटचा दिवस असतो. कारखान्याने त्या सकाळी सगळ्या कामगारांची पदयात्रा काढली, फाटकापासून समुद्राच्या रस्त्यापर्यंत. पांढरे टीशर्ट, पुढे पितळी वाद्यांचा बँड, मागे नाचत गाणाऱ्या बायका. वाळवंटाकडून येणाऱ्या हरमटान वाऱ्याची धूळ हवेत होती आणि सूर्य दुधाळ दिसत होता. कोरकोर यार्डातल्या लोकांबरोबर अगदी पुढे होती. बाबा इद्रिसू तिच्या बाजूला लांब टांगा टाकत चालला होता. तिला धाप लागत नव्हती. गोल चौक ओलांडताना तिने सहज मागे पाहिलं.

जिफा कडुलिंबाखाली फुटपाथच्या कडेवर बसली होती. एकटीच.

"बाबा, तुम्ही व्हा पुढे," कोरकोर म्हणाली आणि मागे वळली.

जिफाने तिला येताना पाहिलं आणि तोंड फिरवलं. "जा बाई तू. तुला आता पंख फुटलेत."

"काय होतंय?"

"काही नाही. घसा सुकतो नुसता." तिच्या पायाशी पाण्याच्या रिकाम्या पुड्या पडल्या होत्या, पुष्कळ. हातात आणखी एक होती.

कोरकोर तिच्या शेजारी बसली. "रात्री लघवीला उठावं लागतं?"

"अगं, झोपच कुठे लागते? दार न् बिछाना, बिछाना न् दार."

"डोळ्यांसमोर धूसर?"

"तुला कुणी सांगितलं?" जिफा आता तिच्याकडे बघत होती.

"कुणी कशाला सांगायला हवं? मलाही हेच होत होतं. साखर आहे मला, जिफा. म्हणून मी यार्डात गेले."

बँड लांब जात होता. जिफाचं तोंड थोडं उघडं राहिलं.

"आणि मी सगळ्यांना..."

"ठाऊक आहे मला."

"कुणी चुगली केली?"

"चुगली कशाला? फोडणीवरूनच कळलं, कुणाच्या हातची आहे ते."

जिफाने पुडी खाली ठेवली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण आवाज चढला. "मग काय करणार होते मी? एवढी वर्षं खांद्याला खांदा लावून उभे राहिलो आपण. तुझ्या लेकीच्या बारशाला मी नाचले. आणि एका सकाळी बघते तर तुझ्या जागी भलतीच पोरगी. एक शब्द नाही. लोक मला विचारायचे, काय झालं गं? मला माहीत नाही म्हणायची मला लाज वाटायची. म्हणून मग सुचेल ते सांगितलं."

"चोर म्हणून सांगितलंस."

"हो. राग आला होता मला." तिने नाक पुसलं. "माफ कर."

"मीही सांगायला हवं होतं," कोरकोर म्हणाली.

रस्त्यावर आता रहदारी पुन्हा सुरू झाली होती. मग कोरकोरचं लक्ष जिफाच्या पायाकडे गेलं. नवे कोरे पांढरे बूट, खास आजच्यासाठी घेतलेले. उजव्या बुटाच्या कडेला गडद डाग होता.

"पाय बघू."

"नवा बूट आहे, चावत असेल. मला तर काही कळत नाही." जिफाने पाय कोरकोरच्या मांडीवर ठेवला आणि लांब गेलेल्या बँडकडे मान वळवली. वारा तिकडून येत होता आणि गाणं अजून ऐकू येत होतं. ती पुटपुटत गाऊ लागली.

कोरकोरने नाडी सोडली. बूट काढला. मोजा काढायला वेळ लागला, तो चिकटला होता. बुटात एक चपटा, धारदार खडा होता. त्याने चवड्याखाली खोल जखम केली होती. फाटकापासून इथपर्यंत जिफा त्या खड्यावर चालत आली होती. कोरकोरने पुडीतलं पाणी जखमेवर ओतलं, कडेला अंगठ्याने दाबून पाहिलं, आणि जिफाच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

जिफा गातच होती. मग थांबून म्हणाली, "काढ ना गं बूट, किती वेळ लावतेस?"

कोरकोरने आपल्या डोक्याचं फडकं सोडलं, पायाला घट्ट गुंडाळलं आणि उठून समोरून येणाऱ्या टॅक्सीला हात केला.

"कुठे निघालो आपण?" जिफाने विचारलं. "पदयात्रा संपल्यावर सगळ्यांना चॉकलेटची खोकी वाटणार आहेत."

"आधी सिस्टर ग्लॅडिसकडे. पाय खाली टेकू नकोस. माझ्या गळ्यात हात टाक."

टॅक्सी कारखान्याकडे वळली. जिफा खिडकीतून बाहेर बघत बोलत होती, हॉलमधल्या नव्या पोरीबद्दल, तिला कामाचा कसा कंटाळा आहे त्याबद्दल. कोरकोर हूं हूं म्हणत होती. काढलेला पांढरा बूट तिच्या मांडीवर होता, आणि गाडी खड्ड्यातून गेली की ती तो दोन्ही हातांनी धरत होती.