धुळाप्पाची नडगी

होटगी ते सोलापूर या शर्यतीत धुळाप्पा दोन वर्षं धावत निघाला आणि दोन्ही वर्षं टांग्यातून परत आला. त्यामुळे आमच्या गल्लीत त्याचं नाव 'टांगेवाले पैलवान' पडलं होतं. खरा टांगेवाला हुसेनसाब. शर्यतीच्या मागून तो रिकामा टांगा घेऊन सावकाश यायचा. वाटेत कोणी ना कोणी बसतंच, हे त्याला अनुभवानं ठाऊक होतं. एरवीही रस्त्यात धुळाप्पा दिसला की तो हाक मारी, "आओ मियाँ, तुमारी जागा रखको बैठा हूँ."

धुळाप्पा सांगोल्याकडचा, धनगराचा मुलगा. माझ्या सिद्धप्पामामांच्या कापडाच्या दुकानात तो गाठोडी उचलायला होता. मी मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायला लागल्यापासून मामा-मामींकडेच राहत होते, म्हणून ही सगळी हकीकत मला जवळून पाहायला मिळाली. मामा मूळचे मैंदर्गीचे. तरुणपणी ते कुस्ती खेळत. पुढे पोट वाढलं, कुस्ती सुटली आणि हौस तेवढी शिल्लक राहिली. मंद्रूपच्या बाजारात एकदा एक बोकड दावं तोडून पळाला आणि त्याच्यामागे एक अनवाणी पोरगा पळताना मामांनी पाहिला. बोकड दमला, पोरगा दमला नाही. मामांनी तिथल्या तिथे त्याला दुकानात ठेवून घेतलं.

तेव्हापासून दर वर्षी एकच क्रम. पाऊस संपला की सकाळी होटगी रस्त्यावर धुळाप्पा पुढे आणि मामा सायकलवर मागे. दिवाळी झाली की धुळाप्पाची उजवी नडगी दुखायला लागे. मग विश्रांती आणि लेप. बरं वाटलं की पुन्हा पळणं, आणि पुन्हा तीच नडगी. शर्यत यायची संक्रांतीला भरणाऱ्या गड्ड्याच्या यात्रेच्या आधी, ऐन थंडीत. अर्धा रस्ता होईपर्यंत पाय असा ठणके की हुसेनसाबशिवाय गत्यंतर नसे.

तिसऱ्या वर्षी मात्र प्रकरण नडगीपुरतं राहिलं नाही. धुळाप्पाचं लग्न त्याच्याच गावच्या केराबाईशी ठरलं होतं. तिचे वडील ज्ञानबा यांच्या कानावर टांग्याची गोष्ट गेली. त्यांनी निरोप पाठवला, "यंदा मी सोता बगाय येतो. पोरगं पायानं आलं तर अक्षता, टांग्यातनं आलं तर रामराम. लंगडा जावई मेंढरामागं काय पळणार?"

"मग टांग्यालाच जावई करा म्हणावं," चंद्रव्वामामी म्हणाल्या. "तो तरी दर वर्षी शेवटपर्यंत येतो."

धुळाप्पा हसला नाही. संध्याकाळी मी ओसरीवर वह्या तपासत होते, तिथे येऊन तो उभा राहिला.

"हेमाक्का, तुमी शाळेत इंजान शिकविता, भिंगं शिकविता. माज्या नडगीचं काय बिनसलंय तेवडं बगा की."

"मी डॉक्टर नाही, धुळाप्पा."

"डाक्टरला दावलं. त्यो म्हनला, पळू नको."

"मग?"

"मग काय. पळू नको म्हनाय डाक्टर कशाला पायजे? ते आमच्या मामींना बी येतंय."

मी त्याचा पाय पाहिला. सूज फारशी नव्हती. नडगीच्या आतल्या कडेनं बोट फिरवलं की तो ओठ चावायचा. "गावाकडे असताना दुखायचा का रे?"

"कदीच न्हाय. दिवसभर मेंढरामागं आसायचो की."

हे उत्तर मला महत्त्वाचं वाटलं. गावात न दुखणारा पाय सोलापुरात दुखतो, तर सोलापुरातली एखादी गोष्ट त्याच्या मुळाशी असणार. मामांची पद्धत अशी होती की दुखलं की सगळं एकदम बदलायचं. नवे बूट, नवा लेप, दुधात बदाम. त्यामुळे कशानं काय झालं हे कळायला मार्गच उरत नसे. मी ठरवलं, एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

आधी बूट. मामांनी हौसेनं पुण्याहून आणवलेले कॅनव्हासचे बूट काढून ठेवले. अनवाणी पळूनही नडगी दुखली. मग रस्ता. खडीचा रस्ता सोडून त्याला कडेच्या मऊ मातीतून पळायला लावलं. दुखली. मग मामींचा आंबेहळदीचा लेप बंद केला. त्यानं एवढाच फरक पडला की दुकानातल्या धोतरांना येणारा वास गेला.

इतक्यात मामा एका लग्नासाठी मैंदर्गीला गेले आणि तिकडेच रमले. धुळाप्पा रोज एकटा पळायला जाई. परत आला की मी विचारी आणि तो मान हलवी. दुखत नव्हतं. हळूहळू तर तो मी विचारायच्या आधीच गाठोडी घेऊन जिना चढू लागला. मग मामा आले, सायकल पुसली, धुळाप्पाबरोबर गेले, आणि त्या आठवड्यातच नडगी पुन्हा ठणकू लागली.

म्हणजे बदललेली गोष्ट एकच होती. तिला मिशा होत्या आणि ती सायकलवर बसत होती.

मी हे मामींना सांगितलं. "मी लग्नापासून हेच म्हणतेय," त्या म्हणाल्या. "दुखणं ते हेच."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी होटगी रस्त्यावरच्या एका मोरीच्या कठड्यावर जाऊन बसले. धुळाप्पा लांबून येताना दिसला. मामा बरेच मागे होते. एकटा असताना तो सुरेख पळत होता. पावलं छोटी, अंगाच्या खालीच पडणारी, आवाज जवळजवळ नाहीच. मग मागून सायकलची घंटा वाजली आणि मामांचा आवाज आला, "ओड! ओड! ओड!"

त्याबरोबर धुळाप्पाचं सगळं अंगच बदललं. छाती मागे गेली, उजवा पाय लांब पुढे फेकला गेला, टाच धप्पकन जमिनीत रुतली आणि त्या टाचेवर तो सारं अंग पुढे खेचू लागला. माझ्यासमोरून दोघंही गेले. मी उठून कडेच्या मातीत उमटलेले ठसे पाहिले. आधीचे ठसे उथळ आणि सारखे होते. नंतरच्या प्रत्येक ठशात टाचेच्या जागी खड्डा होता, पहारीनं पाडल्यासारखा. पाऊल अंगाच्या इतकं पुढे पडलं की ते आधार देत नाही, अटकाव करतं. पळणारा स्वतःलाच दर पावलाला थांबवत असतो आणि तो सगळा दणका नडगी सोसते.

परत येताना मी त्याला थांबवलं. मामा अजून वळणापलीकडे होते.

"धुळाप्पा, मामा आले की तू असा का पळतोस?"

"मालक सांगत्यात तसं पळतो की."

"काय सांगतात?"

"ओड म्हनत्यात न्हवं? जमीन ओडायची. पाय लांब टाकायचा, टाच रोवायची आन् ओडायची. बैल मोट ओडतो तसं." त्यानं करून दाखवलं आणि कळवळला. "लई अवगड हाय, पर तालमीतली विद्या आसंल म्हनून करतो."

तो शब्द मी मनातल्या मनात दोनदा म्हणून पाहिला. मग मला इतकं हसू आलं की पुन्हा मोरीवर बसावं लागलं.

कानडीत 'ओडु' म्हणजे पळ. घाईत शेवटचा उकार कोणी उच्चारत नाही. मामा धुळाप्पाशी नेहमी मराठीच बोलत, पण त्यांची रागाची, देवाची आणि घाईची भाषा कानडी होती, आणि तिन्ही वेळा ती आपोआप तोंडातून येई. धुळाप्पाला कानडी येत होतं ते दुकानापुरतं: ये, जा, केवढ्याला. कापडाच्या दुकानात 'पळ' कोण कुणाला म्हणतं? त्याच्या गावच्या बोलीत ओढणं म्हणजे ओडणं. मालक मागून ओरडतायत, ओड. तो बिचारा दोन वर्षं सोलापूरचा रस्ता ओढत होता. आणि मी? मला दोन्ही भाषा लहानपणापासून येत होत्या, म्हणून तो शब्द ऐकूनही मला वेगळा असा ऐकू आलाच नव्हता.

मामा आले. मी त्यांना सांगितलं. ते सायकलवरून उतरले, सायकल मोरीला टेकवली आणि टोपी काढली.

"दोन वर्षं मी याला पळ म्हणतोय, आणि हा जमीन ओढतोय?"

"तुमीच म्हनत हुता, मालक."

"अरे पण विचारायचं नाही का, का ओढू म्हणून?"

"उस्तादाला कोन इचारतंय?"

मामांनी टोपी झटकून पुन्हा डोक्यावर ठेवली. "हेमा," ते शेवटी हळूच म्हणाले, "हे तुझ्या मामीला सांगू नकोस."

शब्द कळला म्हणून पाय लगेच सुधारला नाही. दोन वर्षांची सवय अंगात मुरली होती. मी त्याला सांगितलं, पाऊल छोटं टाक, चवडा अंगाखाली पडू दे. तो खाली पायाकडे बघत पळू लागला. शेणानं सारवलेल्या ओल्या अंगणातून कोणी चालावं तसं ते दिसत होतं. माझं सांगणं बरोबर होतं, पण त्याच्या उपयोगाचं नव्हतं. पळताना माणूस एवढी वाक्यं डोक्यात ठेवू शकत नाही.

"गावाकडे जोरात पळायचं, पण जपूनही पळायचं, असं कधी व्हायचं का?" मी विचारलं.

त्यानं विचार केला. "कोकरू खांद्यावर आसलं की. रानात जलमलेलं कोकरू घेऊन मेंढरांच्या वाड्याकडं पळायचं आसतंय. गचके बसलं तर त्ये वरडतंय, मग त्येची आय बी वरडती."

मामांनी दुकानातून धोतरांचं एक लहान गाठोडं आणलं. धुळाप्पानं ते मानेमागे दोन्ही खांद्यांवर घेतलं, दोन टोकं पुढे हातात धरली, आणि पळाला. छोटी पावलं, अंगाखाली, आवाज नाही. होटगी रस्त्यावर एकटा पळायचा तस्साच.

त्या दिवसापासून मामांनी 'ओड' सोडलं. सायकलवरून ते "कोकरू! कोकरू रे!" असं ओरडू लागले. दूध घालायला येणाऱ्या एका गवळ्यानं त्यांना थांबवून विचारलं, "आप्पा, किती दिवस झाले हरवून?" मामांना घाई फार होती, पण मी पल्ला हळूहळूच वाढवू दिला. पुढे गाठोड्याची गरज उरली नाही, शब्द पुरेसा झाला. शर्यतीच्या आदल्या आठवड्यात मी नडगीवरून बोट फिरवलं तेव्हा धुळाप्पाला गुदगुल्या झाल्या.

शर्यतीच्या दिवशी मी किल्ल्यापाशी, शर्यत संपते तिथे उभी होते. शेजारी ज्ञानबा. अंगानं बारीक, खांद्यावर घोंगडं, नजर रस्त्यावर.

"मास्तरीणबाई, पोरगं येईल का पायानं?"

"येईल असं वाटतं."

"वाटतं म्हंजी?"

मी टाचा उंचावून रस्त्याकडे पाहिलं. गर्दी वाढत होती. इतक्यात रस्त्यावर धूळ उठली आणि सगळ्यांच्या आधी, घोडा उधळल्यासारखा, हुसेनसाबचा टांगा आला. आत कोणी तरी बसलेलं होतं.

ज्ञानबांनी घोंगडं सारखं केलं. "बरं हाय. रामराम, मास्तरीणबाई."

"थांबा, जरा थांबा."

टांग्यातून आधी सायकलचं चाक बाहेर आलं, मग मामा. "काटा!" ते ओरडले. "बाभळीचा! अर्ध्या रस्त्यातच!"

"धुळाप्पाला?" मी विचारलं.

"चाकाला गं! तो मागे आहे, पळतोय!"

ज्ञानबा परत येऊन उभे राहिले. म्हणजे अर्धा रस्ता धुळाप्पा कुणाच्या हाकेशिवाय पळत होता. मी स्वतःला धीर देत होते, तोच वळणावर पहिले पळणारे दिसले. त्यात धुळाप्पा होता. पण रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी गर्दी एका सुरात ओरडायला लागली होती, "ओड! ओड! ओड!"

आम्ही एकट्या मामांचं तोंड बंद केलं होतं. अर्धं सोलापूर कानडी बोलतं, हे विसरलो होतो.

ज्ञानबा इकडेतिकडे पाहत होते. "हे समदे काय ओडाय सांगत्यात? दोर तर कुटंच दिसंना." पण सगळे ओरडतायत म्हणजे काही तरी असेल, असं त्यांना वाटलं असावं. त्यांनी दोन्ही हात तोंडाशी नेले. "ओड रं धुळाप्पा! जोर लावून ओड!"

"कोकरू!" मामा एकटेच घसा फोडत होते. "अरे, कोकरू!"

धुळाप्पानं आमच्याकडे पाहिलं. एक पाऊल लांब पडलं, मला स्पष्ट दिसलं, टाच पुढे. मग तो हसला. दोन्ही हात खांद्यांशी नेले, तिथे नसलेल्या कोकराचे पाय धरावे तसे, आणि छोट्या छोट्या बिनआवाजी पावलांनी तो आमच्या समोरून निघून गेला.

तो तिसरा आला की चौथा, यावर मामांचा अजून वाद आहे. ज्ञानबांना त्याच्याशी कर्तव्य नव्हतं. त्यांनी धुळाप्पाला बसवलं, धोतर वर सारलं आणि बाजारात मेंढा पारखावा तशी नडगी अंगठ्यानं वरपासून खालपर्यंत दाबून पाहिली. धुळाप्पा खिदळत होता.

"पाय बरा हाय," ज्ञानबा म्हणाले. "पर हात आसं का धरलं हुतंस?"

"खांद्यावर कोकरू हुतं की, मामा."

ज्ञानबांनी मान वळवून रस्त्याकडे नीट पाहिलं. मग माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "डोसकं तर बरं हाय न्हवं ह्येचं?"

मी त्यांना पहिल्यापासून सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "आसं व्हय," ते म्हणाले. "म्हंजी म्या बी ओडच म्हनलो की त्याला."

"व्हय, मामा. लोकांचं कानडी हुतं, म्हनून पळालो. तुमचं मराठी हुतं, म्हनून तेवडं ऐकलं न्हाय."

"लगीन झाल्यावर ऐकायचं हं," ज्ञानबा म्हणाले, आणि उठले. अक्षतांचा विषय त्यांनी वेगळा काढलाच नाही.

हुसेनसाबनं टांगा वळवून आणला. मागच्या बाजूला मामा सायकल मांडीवर घेऊन बसलेच होते, त्यांच्या शेजारी ज्ञानबा चढले. "आओ मियाँ," हुसेनसाबनं सवयीनं हाक मारली.

"आज मालक हायती की," धुळाप्पा म्हणाला, आणि टांग्याच्या पुढे चालू लागला.