गोठ्याच्या दाराचा स्पीकर

हिमांशूच्या डीजेच्या डब्यांतून त्याच्या बापाचा, बकारामचा आवाज पहिल्यांदा निघाला, तेव्हा बकारामला वाटलं, कोणीतरी रिकाम्या ड्रमात तोंड घालून ओकतंय.

आणि याच आवाजासाठी तो जीव धरून बसला होता! कधीकाळी दिवाळीनंतरची मंडई, म्हणजे गावची जत्रा असली आणि रात्रभर उभ्याने गायची खडी गंमत ठरली, की मुर्रीपासून नागऱ्यापर्यंत गावोगावचे लोक विचारायचे, शाहीर कोण? बकाराम म्हटलं की बाया चुलीवरचा भात अर्धा कच्चा उतरवून निघायच्या. मग घशात गाठ आली. नागपूरच्या डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढून टाकलं आणि गळ्याला एक भोक ठेवलं. तिथूनच आता श्वास, तिथूनच खोकला, वर पातळ फडकं. बोलायचं ते पाटीवर, खडूने. श्वास नाकातून जाईना म्हणून वासही गेला. भाताचा नाही, पावसाचा नाही, शेणाचाही नाही. राहिली ती नुसती किळस, आणि ती मात्र पोटभर होती.

त्याला रस्त्यावरच्या लाल पिचकाऱ्यांची किळस यायची. लग्नाच्या वरातीतल्या धडधडीची यायची. स्वतःच्या गळ्यातल्या शिटीसारख्या श्वासाची तर रोज सकाळी यायची. आणि सगळ्यांत जास्त यायची ती हिमांशूच्या गालातल्या खर्र्याची. पोरगा चांगला होता, कामसू होता, बापाच्या ऑपरेशनला त्याने शेत सोडून सगळं गहाण टाकलं असतं. पण सुपारी-तंबाखू-चुना पन्नीवर घोटून गालात धरल्याशिवाय त्याचं एक वाक्य पुरं होत नव्हतं. बापाच्या गळ्याला भोक पडलेलं रोज बघतो आणि तरी चघळतो, याला काय म्हणावं? बकाराम पाटीवर लिहून लिहून थकला होता. पाटी पुसली जाते, पोरगा हो म्हणतो, आणि अंगणात जाऊन थुंकतो.

डॉक्टरांनी त्यालाही विचारलं होतं, खर्रा किती वर्षं? त्याने ठसक्यात लिहून दिलं होतं: "गाणं सुटल्यावर लागला. गंमतीत उभा असताना तोंडात कधी पुडी नाही." हे तो सगळ्यांना सांगायचा. त्याच्यापुरतं ते देवाच्या दिव्याइतकं खरं होतं.

तर झालं असं, की गावातल्या एका म्हाताऱ्या मास्तरांच्या घरी साफसफाईत त्यांनीच कधी भरलेली जुनी कॅसेट निघाली. वर लिहिलेलं: मंडई, शाहीर बकाराम. सून खुशी ती गोंदियाला घेऊन गेली आणि दुकानातून मोबाइलवर उतरवून आणली. हिमांशूचा धंदा डीजेचा. त्याने अंगणात माणसाच्या उंचीचे दोन डबे उभे केले, निळे लाइट लावले आणि बटण दाबलं.

ढोलकी धाड धाड आदळायला लागली. गोठ्याचे टिन थरथरले, कोंबड्या ओरडत पळाल्या. त्या गदारोळात मागे कुठेतरी एक माणूस गुदमरत होता.

"आयका बाबा, का बेस हाय! छातीत लागून राहिला का नाई?" हिमांशू ओरडला.

ओसरीवर वच्छला तांदूळ पाखडत होती. तिने सूप थांबवलं आणि विचारलं, "कोन गाऊन राहिला जी हा?"

बकारामने तिच्याकडे बघितलं. याच बाईने लग्नाआधी त्याचं गाणं ऐकूनच बापाला होकार कळवला होता. तिला ओळखू येईना. त्याने दोन्ही हातांनी टाळ्या वाजवल्या, बंद कर, बंद कर. मग पाटीवर लिहिलं: "हा मी नाही."

हिमांशूचं तोंड उतरलं. खुशीने सासऱ्याच्या कानात मोबाइलची वायर घालून पाहिली. आवाज आला, पण डोक्याच्या कवटीत कोंडलेला. पहिली ओळ संपायच्या आत त्याने ती ओढून काढली. गंमत काय एकट्याने कानात कोंबून ऐकायची चीज आहे? ती उभ्याने गायची, चहूबाजूंनी माणसं बसवून. त्याने लिहिलं: "घरात ऐकायचं. हिला ओळखू आलं पाहिजे."

एवढंच त्याचं मागणं होतं. मरायच्या आधी बायकोने एकदा त्याला आवाजावरून ओळखावं.

खुशी बी.एस्सी. झालेली, चिकाटीची पोरगी. तिने मोबाइलवर घरी बनवायच्या स्पीकरचे नमुने शोधले आणि संध्याकाळी ओसरीवर सासऱ्यापुढे धरले.

"मामाजी, हा पयला. मोठी पेटी, पुढे नळी. जाड आवाज खूप."

बकारामने माशी हाकलावी तशी मान हलवली.

"हा दुसरा. लहान पेटी, दोन स्पीकर. एक बारीक आवाजाचा, एक जाड. मधात सर्किट लागते आवाज वाटून द्याले."

एका माणसाचा आवाज दोघांत वाटायचा? तो काय शेताचा बांध आहे? बकारामने पुन्हा मान हलवली.

"आन हा तिसरा. याले पेटीच नाई. एक रुंद फळी, तिले भोक, त्याच्यात एकच कागदी स्पीकर. मागून उघडा. मागचा आवाज पुढच्या जाड आवाजाले मारते, म्हनून धडधड होत नाई. मानसाचा आवाज तेवढा साफ येते. अशा दोन फळ्या केल्या का झाला स्टीरिओ."

बकारामने मोबाइल हातात घेतला. उभी फळी, मागे काही नाही, पुढे काही नाही. गंमतीतही असंच असायचं, ना पडदा ना आडोसा. त्याने तिसऱ्या चित्रावर बोट टेकवलं आणि उचललंच नाही.

हिमांशू वाकून बघत होता. "हे का डिझाइन व्हय? हे त दार व्हय!"

त्यावर बकाराम उठला आणि गोठ्याकडे चालू लागला. गोठ्याला जुनं सागवानी दार होतं, दोन फळ्यांचं, कधीचं काढून भिंतीला टेकवलेलं. त्याने त्यावर थाप मारली. दार, तर दार.

"लोकं का म्हनतीन बाबा?" हिमांशू खरोखर कळवळून म्हणाला. "डीजेवाल्याचा बाप दारातून गाने आयकते? माह्या घरी डबे कमी हायेत का?"

लोक! बकारामला या शब्दाची वेगळीच किळस होती. याच लोकांनी गंमतीतून उठून डीजेपुढे नाचायला सुरुवात केली होती, आणि शाहीर घसा फाडत राहिला होता. पण पोराशी भांडायला आवाज नव्हता. त्याने पाटीवर एकच शब्द लिहिला: "काप."

भोकं पाडायची मशीन हिमांशूकडेच होती. त्याने कुरकुरत फळ्या कापल्या. खुशीने भंगारवाल्याकडून जुन्या रेडिओचे दोन कागदी स्पीकर आणले. बकारामने स्वतः पॉलिश पेपर घेऊन भोकांच्या कडा घासल्या, गळ्याच्या फडक्यावर लाकडाचा भुसा उडू नये म्हणून वर आणखी एक गमछा बांधून. ऑपरेशननंतरच्या दोन वर्षांत पहिल्यांदा तो जेवायची हाक आली तरी उठला नाही.

काम जवळजवळ झालं, आणि तपासणीचा दिवस आला. खुशी त्याला घेऊन नागपूरला गेली. परत आले तेव्हा हिमांशू दारातच उभा होता, हसत. दात लाल, गाल फुगलेला.

"चला बाबा. डोळे मिटा."

बकारामने डोळे मिटले नाहीत, हे बरं झालं की वाईट, कोण जाणे. आतल्या खोलीत त्याच्या दोन फळ्या उभ्या होत्या, पण ओळखू येत नव्हत्या. वर काळं रेक्झिन चढवलेलं. मागे प्लायवूडची पेटी ठोकून पाठ पक्की बंद. खाली आणखी एक भोक पाडून त्यात जाड आवाजाचा मोठा वूफर. भोवती निळा लाइट लुकलुकत होता. मध्ये चमकीच्या अक्षरांत लिहिलं होतं: शाहीर बकाराम.

आपल्या इकडे प्रेमाची हीच रीत. कोणाला बारकं आवडलं म्हणून कोणी बारकं देत नाही, ते कंजूषपणाचं दिसतं. पाहुण्याने पुरे म्हटलं की ताटात आणखी एक वाढायचं. हिमांशूनेही बापाच्या ताटात वाढलं होतं, जीव लावून, घरचं प्लायवूड घालून. त्याला वाटलं, बाप भिडेपोटी साधं मागतोय.

त्याने बटण दाबलं. धाड. धाड. धाड. आत तोच माणूस गुदमरत होता.

बकारामला सगळ्याचीच किळस आली. रेक्झिनची किळस, लाइटची किळस, चमकीच्या नावाची किळस, आणि "कसा वाटला?" म्हणून वाट बघणाऱ्या त्या लाल तोंडाची किळस. तो गोठ्यात गेला आणि सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, घेऊन आला.

"बाबा! कायले? अजी बाबा, का करून राहिले!"

त्याने प्लायवूडच्या सांध्यात सब्बल घातली आणि जोर लावला. खिळे किंचाळत निघाले. गळ्याच्या भोकातून श्वास शिट्या मारत होता, फडकं आत-बाहेर होत होतं. एक पाठ उघडी झाली, मग दुसरी. त्याने वूफरच्या वायरी तोडल्या, लाइट उपटून अंगणात भिरकावला. रेक्झिन ओरबाडून काढलं. हिमांशू भिंतीला टेकून बघत राहिला, मार खाल्लेल्या पोरासारखा. खुशीने त्याच्या दंडावर हात ठेवला.

मग बकारामने दोन्ही फळ्या भिंतीपासून हातभर पुढे ओढल्या, विटांचा टेका दिला आणि खुशीला खूण केली. लाव.

आधी टेपची खरखर आली. मग टुणटुणा, अगदी बारीक, तारेवर नख लागल्याचं कळावं इतका. ढोलकी आली ती ढोलकीसारखी, चामड्यावर बोटं पडत होती. आणि मग दोन्ही फळ्यांच्या मधोमध, जिथे कोणीच नव्हतं, तिथे एक माणूस उभा राहिला आणि त्याने आवाज उचलला:

*नासलं गं दही माठात, कान्हा उभा वाटेत...*

चुलीजवळ भांडं पडलं. वच्छला पिठाच्या हातांनी दारात आली. तिने पदर तोंडाला लावला, पिठासकट.

"हेच व खुशी," ती म्हणाली. "हेच हायेत. असेच गात होते."

बकाराम खाली बसला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्याला ते पुसावंसं वाटत नव्हतं. किती स्वच्छ आवाज! काचेच्या गिलासातल्या पाण्यासारखा. यात कुठे काही घाण नव्हती. तो चांगला होता, खरंच चांगला होता, उगाच म्हातारपणी मोठेपणा सांगत नव्हता.

गौळण संपली. लोकांनी टाळ्या दिल्या, शिट्या दिल्या. मास्तर टेप बंद करायला विसरले असावेत, कारण पुढे नुसतं मंडईचं बोलणं चालू राहिलं. खुशी मोबाइलकडे हात नेत होती. बकारामने खूण केली, राहू दे.

त्या गलबल्यातून, अगदी जवळून, एक आवाज यायला लागला. खस-खस, खस-खस. पन्नीवर काहीतरी घोटलं जात होतं. हिमांशूच्या डब्यांत हा आवाज कोणालाच ऐकू आला नसता.

"घोट ना बे लवकर. दुसरी गौळन धराची हाय," शाहीर म्हणाला. गाण्यातला नाही, बोलण्यातला आवाज.

आणि एक चिमुकला आवाज, बोबडा, कौतुकाची वाट बघणारा:

"झाला बाबा. पाहा, किती बारीक घोतला."

"शाब्बास रे माह्या वाघा. आन इकडे."

मग चघळल्याची चपचप. मग खाकरणं. मग, अगदी साफ, थू.

*अगं राधे, सोड पाणी...* दुसरी गौळण सुरू झाली. खुशीने बंद केलं.

वच्छला चुलीकडे वळली, पण गेली नाही. तिला हे सगळं माहीत होतं, हे तिच्या पाठीवरून कळत होतं. बकाराम त्या उघड्या फळीकडे बघत होता. डॉक्टरांना लिहून दिलेलं ते ठसकेबाज वाक्य त्याला आठवलं. इतके दिवस जगाला नाक मुरडत बसला होता, आणि घाण निघाली ती याच आवाजातून, पोराला दिलेल्या शाब्बासकीसकट.

"बाबा," हिमांशू भिंतीपाशी हळूच म्हणाला. त्याचे शब्द गालातल्या गोळ्यामुळे जड येत होते. "तेवढा मी कापून टाकतो ना. लॅपटॉपवर निघते. कोनाले मालूम नाई पडन."

बकारामने मान हलवली. नाही.

तो उठला. पाटी हातात घेतली नाही. पोरासमोर जाऊन उभा राहिला. लहानपणी हिमांशू माती खायचा, तेव्हा धरायचा तसा त्याने आपला उघडा तळहात त्याच्या हनुवटीखाली धरला.

हिमांशूने आधी इकडे-तिकडे पाहिलं. "अजी, बाहेर थुकून येतो ना," तो पुटपुटला.

हात हलला नाही. गळ्याचं फडकं आत गेलं, बाहेर आलं, आत गेलं.

मग हिमांशू वाकला आणि बापाच्या हातावर थुंकला. लाल, गरम, सुपारीचे तुकडे, लाळेची तार. बकारामने मूठ मिटली. त्या क्षणी त्याला कशाचीच किळस आली नाही.