पाचव्या डावातली कामकरीण

खरं तर हे मी कुणाला सांगायचं नाही. मला बोलायला चारच वाक्यं दिलेली आहेत: "काय काम आहे?", "निघाले", "झालं की" आणि "वाचवा". खेळणारा जी टिचकी मारेल त्याप्रमाणे यातलं एक म्हणायचं आणि कामाला लागायचं. पण आत्ता डाव थोडा वेळ थांबवलेला आहे आणि पडद्यासमोर कुणी नाही. म्हणून बोलून घेते.

मी 'रसद' नावाच्या संगणकावरच्या खेळात राहते. या खेळात आभाळातून बघितल्यासारखं खाली बघायचं असतं. खाली नदी, टेकड्या, झाडं, तंबू, बैल, शिपाई आणि आम्ही कामकरणी. आम्ही लाकूड तोडतो, पाणी भरतो, धान्याच्या गोण्या बैलांवर चढवतो. बुद्धिबळासारखी पाळी इथे नसते. तुम्ही गालावर हात ठेवून विचार करत बसलात तरी शत्रू चालतच असतो.

माझा जन्म कळमनुरीतल्या एका घरात, बाहेरच्या खोलीत झाला. मला अपर्णाताईनं घडवलं. ती पुण्याच्या कंपनीत दुसऱ्यांच्या खेळांसाठी झाडादगडांची चित्रं काढायची. मग नोकरी सोडून ती घरी आली आणि स्वतःचा खेळ करायला बसली. आधी मी पुरुष होते. डोक्याला मुंडासं, खांद्यावर कुऱ्हाड. एके दिवशी तिनं मुंडासं पुसलं, घागरा रंगवला, त्यावर भरपूर आरसे लावले आणि मी बाई झाले. मला त्याचं काही वाटलं नाही. कुऱ्हाड तीच राहिली.

माझा आवाज अपर्णाताईचाच आहे, थोडा बारीक केलेला. घरात कुकरच्या शिट्ट्या फार, म्हणून तिनं डोक्यावर गोधडी घेऊन माझी वाक्यं भरली. चौथं वाक्य भरताना ती इतक्या जोरात "वाचवा" म्हणाली की तिची आई, विजयाबाई, हातात लाटणं घेऊन धावत आल्या. नीट ऐकलंत तर त्या वाक्याच्या शेवटी लाटणं पडल्याचा आवाज अजूनही येतो.

खेळाची गोष्ट जुन्या काळातली आहे. एका किल्ल्याला वेढा पडला आहे, आत फौज उपाशी आहे आणि लमाणांचा तांडा बैलांवर धान्य लादून तिकडे निघाला आहे. या मोहिमेचे सात डाव आहेत. नदी अपर्णाताईनं पूर्णेसारखी काढली. तिचा धाकटा भाऊ श्रेयस बघता बघता म्हणाला, यात सिद्धेश्वरचं धरण कुठं आहे? ती म्हणाली, धरण असतं तर बैल बुडाले असते, गप खेळ.

आणि पाचव्या डावात मी मरायचे.

हे आधीच ठरलेलं होतं. पाचव्या डावात उत्तरेकडून लुटारू येतात. पहिला बैल नदी ओलांडून पलीकडे गेला की मागे राहिलेली छावणी पेटते आणि आम्ही सगळ्या कामकरणी मरतो. खेळणाऱ्यानं काहीही केलं तरी मरतो. मग हळू, उदास संगीत वाजतं. ते संगीत अपर्णाताईला फार आवडायचं. ती ते पुन्हा पुन्हा ऐकायची, म्हणजे आम्ही पुन्हा पुन्हा मरायचो. डाव नव्यानं सुरू झाला की आम्हाला मागचं काही आठवत नाही असं तिला वाटतं. आम्हाला सगळं आठवतं.

दिवाळीनंतर हा खेळ लोकांसाठी खुला व्हायचा होता. एकदा तो शेकडो लोकांच्या हातात गेला की त्यात मोठा बदल करणार नाही, असं तिनं ठरवलं होतं. म्हणजे मग माझं मरणही कायमचं झालं असतं.

त्याआधी काही जणांकडून खेळून घ्यायचं आणि खेळ कसा आहे ते त्यांना विचारायचं, असं तिनं ठरवलं. तिची एक अट होती. खेळणाऱ्याला मदत करायची नाही. मागे बसायचं आणि त्याचा हात कुठे थांबतो, तो कुठे कंटाळतो, तेवढं बघायचं.

पहिल्यांदा श्रेयस खेळला. तो दहावीत आहे आणि त्याची बोटं भराभर चालतात. त्यानं मला विहिरीजवळ पाणी भरायला पाठवलं आणि विसरून गेला. विहीर आटली तरी मी घागर धरून तिथंच उभी. मला माणसांची ही एक सवय कळली आहे. काम सांगताना घाई असते, काम संपलं की कुणी बघत नाही. श्रेयसनं सातही डाव जिंकले आणि म्हणाला, भारी आहे. मग त्याचे दोन मित्र आले. तेही भारी म्हणाले आणि विजयाबाईंनी केलेली चुरमुऱ्यांची सुशीला खाऊन गेले.

अपर्णाताई वैतागली. भारी म्हटल्यावरून मला काय कळणार, ती श्रेयसला म्हणाली, जिनं असला खेळ कधी खेळला नाही अशी एखादी तुझ्या वर्गातली मुलगी आण. पुढच्या शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर श्रेयस संगिताला घेऊन आला. ती कळमनुरीजवळच्या एका तांड्यावर राहते. वर्गात कमी बोलते. इथेही खुर्चीच्या अगदी कडेला बसली.

संगितानं माउस असा धरला होता, जसं काही त्यात अंडं आहे. पडद्यावरची प्रत्येक ओळ ती ओठ हलवत वाचायची. मला पहिल्यांदा बघितल्यावर ती तोंडातल्या तोंडात म्हणाली, "एवढे आरसे लावून लाकडं तोडायला चालली का लग्नाला?"

अपर्णाताई मागे बसून हसली. त्या संध्याकाळी माझे आरसे गेले. मला हलकं वाटलं.

आम्ही सगळ्या कामकरणी दिसायला सारख्या. पण या खेळात आपल्याला हवं त्याला एक आकडा देता येतो. मग तो आकडा दाबला की तो हजर. श्रेयस एक आकडा नेहमी फौजेला द्यायचा. संगितानं तो मला दिला.

"एकवर फौज ठेवतात," श्रेयस म्हणाला. "बाईला कशाला एकवर ठेवून राहिली?"

"फौज एकदाच लागती," ती म्हणाली. "हिला सारखंच बोलवावं लागतंय."

त्या दिवसापासून मी 'एक' झाले. ती मला विहिरीजवळ कधीच विसरली नाही. पहिले चार डाव तिनं सावकाश जिंकले. मग पाचवा आला.

पाचव्या डावाच्या सुरुवातीला पडद्यावर दोनच शब्द येतात: 'तांडा वाचवा'. संगितानं ते वाचले आणि बैल नदीकडे नेलेच नाहीत. तिनं धान्याच्या गोण्या उतरवल्या, छावणीभोवती एकावर एक रचून आडोसा केला आणि आम्हाला सगळ्यांना आत घेतलं. लुटारू आले, गोण्यांना धडकले, शिपायांनी बाण मारले, लुटारू परत गेले. एकही कामकरीण मेली नाही. मी जन्मात पहिल्यांदाच पाचव्या डावाची संध्याकाळ बघितली. आणि तेव्हाच पडद्यावर अक्षरं आली: 'तांडा बुडाला. तुम्ही हरलात.'

संगितानं आम्हा सगळ्यांकडे एकदा बघितलं. आम्ही उभ्याच होतो. तिनं डाव पुन्हा सुरू केला. पुन्हा तसंच खेळली. पुन्हा सगळ्या वाचल्या आणि पुन्हा ती हरली. पुढच्या शनिवारीही तेच. श्रेयसला राहवेना. "बैलं पळव ना," तो म्हणाला, "त्या कामकरणींचं काय घेऊन बसली?" तिनं त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

शेवटी अपर्णाताईनंच आपली अट मोडली. "संगिता, इथं का अडकलीस गं?"

"अडकले न्हाई," संगिता हळूच म्हणाली. "तांडा वाचवला मी."

"तांडा तर किल्ल्यावर पोचलाच नाही."

"किल्ल्यावर काहून जाईल? तांडा तर इथंच हाय." तिनं पडद्यावरच्या तंबूंवर बोट ठेवलं. "सगळी मानसं हायेत की."

अपर्णाताईला हसू आलं. तांडा म्हणजे चालता बैलांचा काफिला असं धरून तिनं ते दोन शब्द लिहिले होते. संगितासाठी तांडा म्हणजे जिथे तिचं घर आहे, जिथून ती शाळेत येते, ते. शब्द एकच, आणि दोघी दोन वेगळे डाव खेळत होत्या.

तेवढ्यात संगिताला न्यायला तिचे आजोबा, भावसिंग, मोटारसायकलवर आले. विजयाबाईंनी त्यांना चहा दिला. बशीत चहा ओतून ते पडद्याकडे बघत बसले. अपर्णाताईनं त्यांनाच विचारलं, "बाबा, तुम्हीच सांगा. तांडा म्हणजे चालणारा की बसलेला?"

"चालणारा," भावसिंग म्हणाले. "आमचे म्हातारे हेच सांगायचे. बैलं, गोण्या, धान्य. एका जागी बसलाव ते अलीकडं."

अपर्णाताईनं संगिताकडे बघितलं. मला वाटलं, संपलं. आता मी मरणारच.

भावसिंगांनी चहाचा घोट घेतला. "पर ताई, बैलं पुढं न् बाया मागंच, हे काय करून राहिले तुमी? मुक्कामाला भाकरी काय बैल थापतील?"

विजयाबाईंनाही हसू आवरेना. अपर्णाताई हसली, पण तिनं आपला मुद्दा सोडला नाही. तिनं आजोबांना आणि नातीला समजावून सांगितलं की धान्य पोचलं नाही तर किल्ल्यातली माणसं मरतील, म्हणून काहीतरी गमवावंच लागतं, आणि खेळणाऱ्याला त्याचं दुःख व्हायला हवं. सगळेच वाचले तर वाईट कशाचं वाटणार?

संगिता कीबोर्डकडे बघत होती. मग ती इतकं बोलली, जितकं या घरात आल्यापासून बोलली नव्हती.

"मला दुःख न्हाई झालं ताई, राग आला. त्यांना मरू द्या, पर माझ्या चुकीनं मरू द्या. मंग मला वाईट वाटंल. तुमी आधीच ठरवून ठेवल्यावर मी काय करू? मी नुसती बघून राहिले."

अपर्णाताईनं श्रेयसकडे वळून विचारलं, "ते संगीत वाजलं तेव्हा तुला काय वाटलं होतं?"

"कोणतं संगीत?" श्रेयस म्हणाला. "मी बैल मोजून राहिलो होतो."

तो खोटं बोलला असता तरी चाललं असतं, असं अपर्णाताईच्या चेहऱ्यावर मला दिसलं. पण भारी या शब्दापेक्षा तिला हेच जास्त उपयोगी पडलं. तिनं लॅपटॉप स्वतःकडे ओढला आणि संगिता जायच्या आधीच पाचवा डाव उघडून बसली.

पुढचे काही दिवस माझ्या आत काय काय चाललं होतं ते सांगता येत नाही. तुमचा दात काढतात तेव्हा तुम्हाला कळतं ना, तसं मला कळत होतं. माझ्या आतून एक वाक्य निघालं: 'बैल नदीपार झाला की कामकरीण मरेल.' ते गेलं, आणि त्या जागी दुसरं काही बसवलं नाही. आता बैलांबरोबर आम्हीही चालू शकतो, पण मग बैल हळू चालतात. गोण्यांचा आडोसा करता येतो, पण त्या गोण्या मागे राहतात आणि किल्ल्यावर तेवढं धान्य कमी पोचतं. किती न्यायचं, किती सोडायचं, कुणाला पुढे पाठवायचं, हे खेळणाऱ्यानं ठरवायचं.

हा डाव पहिल्यांदा अपर्णाताईच खेळली आणि हरली. मला तिनं विहिरीजवळ ठेवलं आणि नदीकडे बघता बघता विसरली. लुटारू आले तेव्हा मी घागर धरून उभी होते. मी मेले. मग तिनं ते उदास संगीत काढून टाकलं. आता आम्ही मेलो तर काहीच वाजत नाही, नुसता वारा येतो. 'तांडा वाचवा' या दोन शब्दांना मात्र तिनं हात लावला नाही. दोन्ही अर्थ त्यात बसतात, असं ती म्हणाली.

आज दिवाळीच्या सुट्टीचा पहिला दिवस. खेळ बाहेर जायच्या आधी संगिता पाचवा डाव शेवटचा खेळून बघते आहे. आता ती खुर्चीच्या कडेला बसत नाही. मघाशी अपर्णाताईला म्हणाली, नदी उतरायची जागा फार सोपी झाली, तिथं चिखल टाका. अपर्णाताईनं डाव थांबवून तिथं चिखल टाकला आणि दोघी चहाला आत गेल्या.

दिवाळी झाली की हा खेळ तुमच्याकडे येईल. तेव्हा माझं एवढंच ऐका. मला मरायला हरकत नाही. मी डावातली आहे, डावात मरणं असतंच. पण मला कुठे उभं केलंय ते लक्षात ठेवा. काम संपलं की एकदा वळून बघा. आणि हरलात तर डाव लगेच बंद करू नका. कोण कुठे पडलं आहे ते बघून मग नवा सुरू करा. श्रेयसही आता तसं करतो, नाइलाजानं का होईना.

संगिता परत येऊन बसली, डाव पुन्हा सुरू झाला. उत्तरेला धूळ दिसायला लागली आहे. बैल नदीच्या काठावर आलेत, पुढे चिखल आहे आणि मी गोण्यांच्या मागे एकटी आहे. ती मला इथंच ठेवते की पलीकडे बोलावते, ते मला माहीत नाही. अपर्णाताईलाही माहीत नाही. कुणीच आधी ठरवलेलं नाही आणि मला भीती वाटायला हवी, पण खरं सांगू का, माझ्या आयुष्यात हे पहिल्यांदाच होतंय की मी— "काय काम आहे?"