नाव कुणाचं घालायचं?

नोटरीकडे जायचं म्हणून अभयने हिंजवडीच्या ऑफिसातून हाफ डे घेतला, याचं त्याच्या आईला केवढं कौतुक. मी बँकेतून पूर्ण दिवसाची रजा काढली होती, पण सुनेच्या रजेचं कौतुक करायची आमच्याकडे पद्धत नाही.

कागद सासूबाईंना करायचा होता. घरादाराचं मृत्युपत्र नव्हे. शेवटच्या आजारात मला मशिनवर ठेवू नका, हे शुद्धीत असतानाच लिहून ठेवायचं, दोन साक्षीदारांसमोर सही करायची आणि नोटरीचा शिक्का घ्यायचा. त्यात एक नाव घालावं लागतं. आपल्याला बोलता येईनासं झालं, तर आपल्या वतीने डॉक्टरांशी कोण बोलणार, त्याचं. अभय एकुलता एक, त्यामुळे त्यावर घरात चर्चाच झाली नाही. मजकूर आईंनी परस्पर वकिलांना फोनवर सांगितला होता.

बिबवेवाडीत एका झेरॉक्सच्या दुकानामागे नोटरी भोकरे वकील बसतात. भिंतीवर पाटी होती : ‘सही इथेच, आमच्यासमोर होईल. घरून करून आणलेल्या सहीचे आम्ही फक्त कौतुक करू शकतो.’ एरवी हसले असते. पण मागच्या वर्षी सासरे गेले, तो शीण अजून अंगातून गेलेला नाही. डबे, हॉस्पिटलच्या फेऱ्या, जागरणं, आणि सकाळी पुन्हा काउंटरवर हसतमुख. ते गेले त्या दिवशी सगळे सुन्न बसले होते आणि मी आल्यागेल्याचा चहा बघत होते.

साक्षीला सोसायटीतले उत्तरेश्वरकाका आणि काकू आले होते. भोकऱ्यांनी सगळ्यांची आधार कार्डं पाहिली आणि आईंना विचारलं, “आजी, कुणाच्या दबावाखाली तर सही करत नाही ना?”

“मी महापालिकेच्या शाळेत हेडबाई होते. दबाव मी आणायचे.”

भोकरे मजकूर वाचू लागले. “माझ्या वतीने निर्णय घेण्याचा अधिकार मी माझी सून कल्याणी अभय देवकर हिला देत आहे.”

अभय हसला. “वकीलसाहेब, टायपिंग मिस्टेक झालीय.”

“नाही झालेली,” आई म्हणाल्या.

“अगं आई, मुलगा आहे मी तुझा!”

“म्हणूनच. नळी ओढतात म्हणून बाबांचे हात पलंगाला बांधले होते. आणि तू रोज डॉक्टरांना म्हणायचास, अजून एक दिवस बघू. तुझं चुकलं असं नाही रे. तुला सोडवत नाही माणसाला. पण बांधलेले हात मला नकोत.”

अभयचा चेहरा एवढासा झाला. मला त्याची दया आली नाही. मला राग आला होता, आणि तो आईंचा. पथ्याचं जेवण मी करायचं, गोळ्या मी द्यायच्या, आणि आता हेही माझ्याच गळ्यात! घरात जे कुणाला नको, ते कल्याणीला द्या.

“मला विचारलंत का तुम्ही?” माझा आवाज चढलाच. “उद्या सगळे नातेवाईक म्हणतील, सुनेनं मारलं.”

“म्हणतील ना. म्हणून तर शिक्क्याचा कागद करतेय. त्यांच्या तोंडावर मार.”

भोकऱ्यांनी हातातला शिक्का खाली ठेवला. “ताई, तुमची तयारी नसेल तर आज राहू द्या. दुसरं नाव घालता येतं.”

खरंच वाटलं, नाही म्हणून मोकळं व्हावं. एका शब्दाचं काम होतं. अभयने तर नाव बदलायला केव्हाच पेन पुढे केलं होतं.

आई माझ्याकडे वळल्या. “आयसीयूबाहेर सगळे मला धीर धरा म्हणत होते. तू एकटी त्या सिस्टरशी भांडलीस. ‘मी उभी आहे इथे, सोडा त्यांचे हात.’ आणि भेटीची वेळ संपेपर्यंत त्यांचे दोन्ही हात हातात धरून उभी राहिलीस. मी काचेतून बघत होते. तेव्हाच ठरवलं.”

हे कुणी पाहिलं असेल असं मला वाटलंच नव्हतं. त्या अख्ख्या वर्षातलं काही कुणी पाहिलंय, असंच वाटलं नव्हतं.

“राहू द्या माझंच नाव,” मी म्हटलं.

सह्या झाल्या, अंगठे झाले, शिक्का बसला. कागद आमच्याकडे देताना भोकरे म्हणाले, “ताई, तुम्हीही करून ठेवा सवडीने. दुखणं काही वय विचारून येत नाही.”

“माझ्या कागदावर नाव कुणाचं घालू?” मी थट्टेतच विचारलं. अभय जमिनीकडे बघत होता.

आईंनी चष्मा काढून पर्समध्ये ठेवला. “माझंच घाल म्हटलं असतं,” त्या म्हणाल्या, “पण तुझ्या वेळी मी नसणार गं. त्याचंच वाईट वाटतं.”

सासरे गेले तेव्हाही मी रडले नव्हते. तिथे, परक्या माणसांसमोर, मी तोंडाला पदर लावून रडले. आई माझ्या शेजारी बसून राहिल्या, आणि भोकऱ्यांनी बाहेरच्या रांगेला जरा थांबायला सांगितलं.