एक यंत्र आणि अकरा आजोबा

मित्रांनो, पुढे सांगतो त्यातला एक शब्दही तुम्ही खरा मानणार नाही. तुमच्या जागी मी असतो तर मीही मानला नसता. मी एक जुनं बेरजेचं यंत्र आहे, आणि इंग्लंडमधल्या ग्रिम्सबी बंदराच्या एका कॉलेजात, एका सोमवारी सकाळी, बसल्या जागी मला अकरा आजोबा फुटले. म्हणजे अकरा मुलांचे अकरा आजोबा माझे मालक निघाले. माझ्या आठवणीत मालक एकच होता.

माझा जन्म पोलादाचा. अंगाला हिरवा रंग, पोटावर ऐंशी कळा, उजव्या कुशीला एक दांडा. कळा दाबा, दांडा ओढा, की माझ्या तोंडातून बेरजेची पट्टी बाहेर. नवा होतो तेव्हा इतका चकचकीत होतो की कारखान्याच्या तपासनिसाने माझ्यात बघून दाढी केली.

तिथून मी मासळीच्या लिलावघरात आलो. त्या काळी ग्रिम्सबीच्या धक्क्यावर इतका हॅडॉक मासा उतरायचा की समुद्र वीतभर खाली जायचा. माझ्या पोटातून गेल्याशिवाय एकही मासा या गावाच्या कढईत पडला नाही. माझा कारकून होता अल्फ ब्रॉकल्सबी. अबोल माणूस. तो प्रत्येक बेरीज दोनदा करायचा, एकदा माझ्यावर आणि एकदा पेन्सिलीने, माशांच्या खोक्याच्या पाठीवर. दोन्ही जुळल्या की पाइप पेटवायचा. नाही जुळल्या तर पेन्सिलीचं ऐकायचा. मला ते फार लागायचं. पण वर्षातून एखाद्या वेळी पेन्सिलच बरोबर निघायची; हे तुम्ही माझ्याकडून ऐकलं असं कुठे बोलू नका.

पुढे लिलावघरात संगणक आले. अल्फने मला मागून घेतलं आणि घरच्या जेवणाच्या टेबलावर ठेवलं. तो गेल्यावर त्याची बायको डोरीन दर रविवारी मला पुसायची. मग तिच्या गुडघ्यांनी जिने चढायला नकार दिला. लहान घरात जाताना तिने मला मोटारीच्या डिकीत घालून रविवारच्या जुन्या बाजारात नेलं. तिथे एका मिशाळ माणसाने मला उचललं. डोरीनने त्याला आपल्या थर्मासमधला चहा पाजला आणि अल्फची सगळी गोष्ट सांगितली, पेन्सिलीसकट, पाइपसकट. सांगताना तिचा आवाज दोनदा अडखळला.

तो माणूस म्हणजे ऑग्डेनसर, कॉलेजात हिशेब शिकवणारे. दुसऱ्या दिवशी मला वर्गाच्या खिडकीत ठेवून ते म्हणाले, "हे माझ्या आजोबांचं."

माझ्या पोटातली चाकं जागच्या जागी थांबली. मला वाटलं, चुकून बोलले असतील. पण मग त्यांनी आजोबांची गोष्ट सांगायला सुरुवात केली, आणि ती अल्फची निघाली. आवाजसुद्धा नेमका डोरीनच्याच जागी अडखळला. मित्रांनो, मी पोलादाचा आहे, पण त्या दिवशी मला घाम फुटला. सरांनी तो गंज समजून तेलाच्या फडक्याने पुसला.

एक दिवस माझं कौतुक झालं. मग माझ्यावर जुन्या प्रश्नपत्रिकांचा ढीग चढला आणि मी दिसेनासा झालो.

दोन वर्षांनी, सुरुवातीला सांगितलं त्या सोमवारी, सरांच्या टेबलावर अकरा निवेदनं होती. हिशेब आणि वित्त हाच विषय मला विद्यापीठात का शिकायचा आहे, हे प्रत्येकाने स्वतःच्या शब्दांत लिहायचं असतं. अर्ज दुपारी जायचे होते. सरांनी पहिलं वाचलं. "आजोबांच्या बेरजेच्या यंत्राने माझ्या मनात वित्ताची ज्योत पेटवली." दुसऱ्यातही ज्योत. तिसऱ्यात पाइप. सहाव्यापर्यंत सरांच्या मिशा थरथरायला लागल्या, आणि ढिगाखाली माझ्या कळा.

"वोइचेख, उभा राहा. तुझे आजोबा ग्रिम्सबीच्या लिलावघरात होते?"

"हो, सर."

"ते पोलंडबाहेर कधी पडलेच नाहीत, असं तूच मला गेल्या महिन्यात सांगितलंस."

"लांबून करायचे, सर. फोनवर."

वर्ग हसला. सर हसले नाहीत. "एकसारखी दोन निवेदनं दिसली तरी विद्यापीठाकडचा संगणक बोंब मारतो. इथे अकरा आहेत. माझ्या आजोबांची गोष्ट अकरा जणांनी चोरली. सगळ्यांनी खोडा आणि नव्याने लिहा. नाही तर शिफारशीवर माझी सही विसरा."

दहा जणांनी मुकाट्याने कागद उचलले. अकरावी कोरिन ब्रॉकल्सबी. सरांनी वर्गाला माझी गोष्ट ऐकवली त्या दिवशी ती दातांच्या डॉक्टरकडे होती.

"मी नाही खोडणार," ती म्हणाली. "माझे आजोबा खरे आहेत."

"कोरिनबाई, यात पाइप आहे. पेन्सिल आहे. शब्द न् शब्द माझा आहे."

"मला आजीने सांगितलं, सर. आणि माझ्याकडे दुसरं काही नाही. बुद्धिबळाची बक्षिसं नाहीत, कुणा काकाची पेढी नाही. शनिवारी कारखान्यात मासे भरते, आणि हे आजोबा. आमच्या घरातून आजवर कुणी विद्यापीठात गेलेलं नाही. यंत्र एक म्हणतं, पेन्सिल दुसरं म्हणते, तेव्हा कुणाचं ऐकायचं, ते शिकायला मी जातेय. तेवढंच लिहिलंय."

"छान आहे. पण चोरलेलं आहे," असं म्हणत सरांनी लाल पेन हातात घेतलं. "आणि हा पुरावा." त्यांनी ढीग बाजूला सारला आणि मला उचलून टेबलावर आदळलं.

कोरिन माझ्याकडे बघत राहिली. मीही बघितलं. जॅमने माखलेल्या बोटांनी माझ्या कळा चिकट करणारी पोर ती हीच.

"हे उलटं करा," ती हळू म्हणाली. "याच्या चारही पायांना लाल-हिरव्या चौकड्यांचे तुकडे चिकटवलेले असतील. जेवणाच्या टेबलाला चरे पडत होते, म्हणून घरातल्या सपाता कापून लावले होते."

"हे यंत्र दोन वर्षं माझ्याकडे आहे आणि असलं काही मी पाहिलेलं नाही. निघाले तर तुझं निवेदन जसंच्या तसं जाईल. सगळ्या वर्गासमोर सांगतो."

वोइचेखने मला पालथा घातला. मित्रांनो, आयुष्यभर लोकांनी माझ्या कळा दाबल्या, दांडा ओढला, रंगाची वाहवा केली. माझे पाय कुणी बघितले नव्हते. जुन्या वस्तू पुसता, जपता, ते चांगलंच आहे. पण त्या कुणाच्या घरातून आल्या हेही एकदा विचारत जा. आम्हाला सांगता येत नाही.

चार पाय. चार तुकडे. लाल-हिरव्या चौकड्या.

सरांनी एक तुकडा नखाने खरवडून बघितला.

"हां," ते शेवटी म्हणाले. "आता आठवलं. आजोबांच्याच सपाता या. फार आवडायच्या त्यांना. हिवाळाभर पायातून काढायचे नाहीत."

कोरिनने वाकून मागच्या पायावरची धूळ अंगठ्याने पुसली. खालून एक गुलाबी रेशमी फूल वर आलं, मधोमध मोती असलेलं.

"सर," ती म्हणाली, "तुमचे आजोबा माझ्या आजीच्या सपाता का घालायचे?"